आतून लावलेली कडी

(दर्यापूरजवळच्या खेड्यात, भाजीचा मळा करणाऱ्यांचं घर. दुपार. मोनाली न्हाणीत आहे, दार आतून लावलेलं. तिची आई पार्बताबाई दाराबाहेर.)

पार्बताबाई: कडी काढ म्हनतो न मी, मोना.

मोनाली: नाही काढत.

पार्बताबाई: पानी घेतलं काय अंगावर?

मोनाली: नाही. कोरडी बसली आहे स्टुलावर. बकेट पण रिकामी आहे.

पार्बताबाई: स्टुलावर नको बसू, पडशीन. खाली बस. भिंतीले पाठ लाव.

मोनाली: बसली.

पार्बताबाई: खरंच बसली?

मोनाली: आई, बसली म्हटलं ना! जरा वेळ एकटीला बसू दे मला. या घरात दार लागेल अशी ही एकच जागा आहे.

पार्बताबाई: याले तरी कुठं लागत होतं? तू अंदर पडली होती तवा मीच तुह्या बाबाले म्हटलं, काढून फेका ते कडी. तवापासून दार लोटूनच घेतो आपुन सारे. हे नवी कुठून आली?

मोनाली: बाबांनी लावली. तू वावरात होती तेव्हा.

पार्बताबाई: त्यायनं? मले न सांगता?

मोनाली: तुला सांगितलं असतं तर लावू दिली असती?

पार्बताबाई: येऊ दे त्यायले. भाजी घेऊन गेले दर्यापूरले, येतीन संध्याकाई, मंग पायतो मी. आनं तुले बी समजत नाई काय? अकोल्याच्या डाक्टरनं तुह्या तोंडावर सांगतलं हाये, न्हानीले कडी लावाची नाई म्हून.

मोनाली: माहीत आहे. म्हणूनच पाणी नाही घेतलं. मी आंघोळीला आलीच नाही इथं.

पार्बताबाई: मंग कायले आली?

मोनाली: तुझं तोंड दिसू नये म्हणून.

पार्बताबाई: … बरं. नको पाहू माह्यं तोंड. पन बोलत राय. तू चूप झाली का मले वाटते, पडली.

मोनाली: बोलायचं नाही म्हणूनच तर आली ना इथं!

पार्बताबाई: मंग मग्गा वाजव बकेटीवर. बोलू नको. नुसता वाजवत राय.

मोनाली: हे घे! हे घे! हे घे! झालं समाधान?

पार्बताबाई: झालं. असाच वाजव.

मोनाली: हसू नाही येऊन राहिलं मला आई, राग येऊन राहिला आहे. तू अमरावतीला खोलीवाल्या काकूंना फोन का केला?

पार्बताबाई: नाई सांगाचं काय त्यायले?

मोनाली: काय सांगितलं?

पार्बताबाई: जे हाये ते. म्हटलं, माह्या पोरीले झटके येते. गोया चालू हायेत. तिच्याकडं जरा ध्यान ठेवजा. बस, इतकंच.

मोनाली: आणि त्या काय म्हणाल्या?

पार्बताबाई: तवा त हो-हो म्हनत होती बाई. चांगली बोलली.

मोनाली: चांगली बोलली, आणि एका तासात मला मेसेज केला. खोली दुसऱ्या मुलीला दिली म्हणे. काल मी पैसे पाठवते म्हटलं तर त्या म्हणत होत्या, घाई नाही बेटा, तुझीच आहे. आज दुसऱ्या मुलीला दिली.

पार्बताबाई: मले काय मालूम ते अशी करन.

मोनाली: सोमवारी नोकरीवर हजर व्हायचं आहे मला. टॅली शिकली, बी.कॉम. केलं, औषधांच्या होलसेल दुकानात बिलिंगचं काम मिळालं. कोणाच्या ओळखीनं नाही मिळालं. आणि राहायची जागा तू एका फोनमध्ये घालवली.

पार्बताबाई: रोज जानं-येनं कर. बस जाते न दर्यापूरवरून.

मोनाली: पहाटे उठून, झोप मोडून? झोप कमी झाली तर काय होते माझं, हे तुला मी सांगू?

पार्बताबाई: नाई… ते बी नाई जमत.

मोनाली: नाही जमत ना? मग?

पार्बताबाई: मंग नको करू नोकरी. कोनी मांगतलं तुह्याजवळ? दोन एकराचं वांगं-मेथी हाये, खाले पुरते आपल्याले.

मोनाली: हेच. तुला हेच पाहिजे होतं.

पार्बताबाई: तसं नको म्हनू. म्या तुह्या भल्यासाठी सांगतलं तिले.

मोनाली: माझ्या भल्यासाठी! आणि मागच्या महिन्यात पाहुणे आले तेव्हा? माझ्या गोळ्या पिठाच्या डब्यात लपवून ठेवल्या होत्या. मुलाची आई म्हणाली पोरगी एवढी झोपाळू का दिसते, तर तू म्हणाली परीक्षेचा अभ्यास करून राहिली. कोणती परीक्षा आई? माझी परीक्षा होऊन दोन वर्षं झाली.

पार्बताबाई: ते येगळं.

मोनाली: काय वेगळं? जिथं सांगायचं तिथं लपवते, जिथं माझं मी सांगितलं असतं तिथं आधीच सांगून मोकळी होते.

पार्बताबाई: तू सांगतलं असतं काय?

मोनाली: हो.

पार्बताबाई: खरं बोल.

मोनाली: … त्या खोलीतल्या सीमाला सांगणार होती. लगेच नाही. एखादा महिना राहिल्यावर. आधी तिनं मला पाहिलं असतं, मी कशी बोलते, कशी हसते, भाजी कशी करते. मग सांगितलं असतं. आधी मी, मग झटका. तू आधी झटका सांगितला. आता मी उरलीच नाही कुठं.

पार्बताबाई: भाजी कशी करते म्हने! तुले चुलीजवय कोन जाऊ देते?

मोनाली: तेच सांगून राहिली मी. चुलीजवळ नाही. विहिरीवर नाही. गच्चीवर नाही. मैत्रिणीच्या गाडीवर मागं बसायचं नाही. लग्नात नाचायचं नाही, लायटिंग असते म्हणून. गोळीचं पाकीट तू रोज मोजते, मला माहीत नाही असं वाटते तुला?

पार्बताबाई: मोजतो. एक डाव विसरली होती तू. काय झालं होतं? उकयत्या चहाचा गंज हातावर घेऊन पडली. अजून डाग हाये न हातावर? त्या दिवशी म्या मोजल्या नोयत्या.

मोनाली: मी पंधरा वर्षांची होती तेव्हा.

पार्बताबाई: माह्यासाठी कालचंच हाये ते.

मोनाली: माहीत आहे. तुझ्या डोळ्यांतच दिसते. चुलीवर दूध ठेवलं की बाई कशी उभी राहते? हात काम करत असतात, पण नजर दुधावर. आता येईल वर, आता येईल. तशी तू माझ्याकडे पाहते. सकाळी उठली की पाहते. जेवताना हातातला घास थांबला की पाहते. मी कपाट उघडून विचार करत उभी राहिली की लगेच, “मोना! मोना!” अगं, मी फक्त कोणता ड्रेस घालू ते पाहत होती.

पार्बताबाई: तुले झटका याच्या पयले तू अशीच पायते. एकटक.

मोनाली: म्हणजे मी विचार पण करायचा नाही एका जागी उभी राहून?

पार्बताबाई: म्या असं कवा म्हटलं?

मोनाली: झटका दोन मिनिटांचा असते आई. मला तर तो माहीतही होत नाही. मागच्या पोळ्यानंतर एकही आला नाही. पण बाकीचा सगळा दिवस मी त्याची वाट पाहत बसते, आणि तू पण. हाताला मुंगी चावली तरी मला वाटते, सुरू झालं. कोणी टॉर्च मारला तर वाटते, आता. मी बसमध्ये खिडकीकडे पाहत नाही, झाडांतून ऊन लागून राहिलं की मी डोळे मिटून घेते. आणि मग बाजूच्या बाईला वाटते की… जाऊ दे.

पार्बताबाई: काय वाटते?

मोनाली: जाऊ दे म्हटलं.

पार्बताबाई: हे मले कवा सांगतलं नाई तू. बसचं.

मोनाली: सांगितलं असतं तर बस बंद झाली असती.

पार्बताबाई: मोना, मी काय दुस्मन हाव तुही?

मोनाली: नाही. पण उद्या तू नसली तर? मी कायमची तुझ्या नजरेसमोर राहीन, आणि एक दिवस तू नाही राहणार. मग? तेव्हा कोणाला फोन करून सांगशील, ध्यान ठेवजा म्हणून?

पार्बताबाई: असं वंगाळ नको बोलू.

मोनाली: बोलत राय म्हटलं ना तू! बोलून राहिली. मला बोलताना ऐकायचं होतं ना तुला?

पार्बताबाई: हो… बोल. मी ऐकून राहिली. … बोल न. … मोना? … मग्गा वाजव. मोना? ए मोना! झाली चूप. आला काय तुले? मोना, आवाज दे! देवा रे… सब्बल कुठं हाये, ते सब्बल… मोना! दार तोडतो मी! बाजूले हो, दार तोडतो!

मोनाली: नको तोडू! नाही आला! मी ठीक आहे!

पार्बताबाई: मंग चूप काहून झाली? जीव गेला माहा!

मोनाली: रडून राहिली होती. रडताना पण आवाज करायचा का आता?

पार्बताबाई: … कर. जरासा करत जाय.

मोनाली: ती लोखंडी सब्बल ठेव खाली. पायावर पडेल.

पार्बताबाई: ठेवली.

मोनाली: पाणी पी. माठ तिथंच आहे.

पार्बताबाई: मी नाई हालत अथून.

मोनाली: फोन वाजून राहिला ना माझा? बाजेवर ठेवला होता.

पार्बताबाई: वाजू दे.

मोनाली: कोणाचा आहे पाहून तरी सांग.

पार्बताबाई: दारापासून गेली मी का तू चूप होशीन.

मोनाली: गाणं म्हणत बसते. जा. … जा ना! ला ला ला ला. ऐकू येते? ला ला ला.

पार्बताबाई: हे घे, आनला. फोटो हाये एका पोरीचा. चष्मा हाये तिले.

मोनाली: सीमा आहे ती. नको उचलू! तिलाही कळलं असेल. खोली तिनंच पाहून दिली होती, त्याच दुकानात आहे ती. आता तिथंही सगळ्यांना… आई, नको उचलू.

पार्बताबाई: उचलला गेला. बोट लागलं. … हालो?

सीमा: हॅलो, मोनाली? अगं किती वेळची लावून राहिली मी.

पार्बताबाई: मोनालीची आई बोलतो.

सीमा: अच्छा, काकू, नमस्कार. मी सीमा, धामणगावची. मोनाली कुठी आहे?

मोनाली: नाही म्हण! बाहेर गेली म्हण!

सीमा: आवाज त येऊन राहिला तिचा.

पार्बताबाई: न्हानीत हाये. रुसली हाये. तू बोल बाई, ते ऐकून राहिली. आवाज मोठा हाये या फोनचा.

सीमा: काकू, खोलीवाल्या काकूनं मले सांगितलं सगळं. म्हणजे तुमच्या फोनचं. त्या जाम घाबरल्या. म्हणे, माझ्या घरात त्या पोरीले काही झालं त मी काय करू, मी एकटी बाई.

पार्बताबाई: हो.

सीमा: मी पण घाबरली काकू. खोटं कशाले बोलू? एका खोलीत आमी दोघीच राहणार. मी कधी पाहिलं नाही असं काही. सकाळपासून दुकानात बिलं चुकवून राहिली मी. मग म्हटलं, असं घाबरत बसण्यापेक्षा इचारून घ्यावं. मोनालीलेच इचारणार होती. पण तिले कदाचित खराब वाटन. बरं झालं तुमी उचलला. आला तिले झटका, त काय करायचं असते?

मोनाली: आई, बंद कर फोन.

पार्बताबाई: काय म्हनते बाई?

सीमा: म्हटलं, झटका आला त मी काय करू?

पार्बताबाई: … पयले त पकडू नको तिले. लोक हातपाय दाबून धरते, तसं नाई कराचं. हालू द्याचं. बाजूले काई टोकदार असलं, टेबल, खुर्ची, ते सरकवाचं. डोक्याखाली काईतरी नरम द्याचं, ओढनीची घडी चालते.

सीमा: थांबा काकू, सांगत जा तुमी. बरं, तोंडात चमचा देतात ना?

पार्बताबाई: काईच नाई द्याचं! चमचा नाई, पानी नाई. आमी पयले दिला होता, दाताचा तुकडा पडला तिचा. आनं कोनी चप्पल आनली हुंगाले, कांदा आनला, त हाकलून दे त्यायले. भांडजो. मी लय भांडली हाव.

सीमा: भांडतो मी, त्याचं टेंशन नाही. मग?

पार्बताबाई: मंग हालनं थांबलं का कुशीवर कराचं. गया मोकया कराचा, बटन-बिटन काढून. घडी पाह्याची. तिचं दोन मिंटात थांबते. पाचाच्या वर गेलं त मंग दवाखाना, वाट नाई पाह्याची. पन तसं झालं नाई अजून कवा.

सीमा: आणि थांबल्यावर?

पार्बताबाई: थांबल्यावर तिले समजत नाई लगेच. डोये उघडे असते, पन आपल्याले वयखत नाई. तवा जोरानं हाका नको मारू, भेव लागते तिले. नुसतं बाजूले बसाचं. हात धराचा नाई, हात ठेवाचा. मंग ते झोपते. कपडे… कपडे कधी कधी ओले होते. ते बदलून द्याचे, काई बोलाचं नाई.

सीमा: नाही बोलत.

पार्बताबाई: आनं उठल्यावर पयले ते एकच इचारते. “कोनी पाह्यलं का?” दर डाव तेच इचारते. तवा सांगाचं, नाई. कोनीच नोयतं. मीच होती. असं सांगजो.

सीमा: कोणी पाहिलं असलं तरी?

पार्बताबाई: असलं तरी. मी तसंच सांगत आली.

सीमा: बरं… काकू, मोनाली ऐकून राहिली ना?

पार्बताबाई: … हो व माय. ऐकून राहिली.

सीमा: मोनाली, ए! काही बोल ना. बरं, नको बोलू. काकू, आणखी एक. आमच्या बाथरूमची कडी तशीही मोडकी आहे. मालकीण दोन वर्षांपासून लावून देतो म्हणते. आमी दारावर टॉवेल टाकतो न जोरात गाणे म्हणतो. गाणं थांबलं त बाजूवाली इचारते, झाली काय तुही? म्हणून म्हटलं, ते पण जमन. आणि खोली कोणाले दिली नाही अजून, मी खोलीवाल्या काकूशी पुन्हा बोलली. त्या म्हणे, तिच्या आईले घेऊन ये, मी समोरासमोर इचारतो. आज पाचपर्यंत आहेत त्या घरी, उद्या गावाला जाणार आहेत. तुमी याल का?

पार्बताबाई: मी?

सीमा: तुमच्या सांगण्यानं त्या घाबरल्या, त तुमच्याच सांगण्यानं समजतीन. मले आता सांगितलं ना, तसंच सांगा. आता मले सकाळपेक्षा कमी भेव वाटून राहिलं, खरंच. नाही म्हटलं त्यायनं, त दुसरीकडं पाहू. पण एक डाव या.

पार्बताबाई: पाहू बाई. ठेवतो. … मोना. ठेवला फोन.

मोनाली: ऐकलं मी.

पार्बताबाई: चांगली पोरगी हाये. सरय बोलते.

मोनाली: दरवेळी खोटं सांगितलं तू मला? कॉलेजच्या स्टँडवर पडली तेव्हा पण? तिथं तर माणसंच माणसं असतात. तू म्हणाली, कोणी नव्हतं, गर्दी पांगली होती. मी खरं मानलं. दुसऱ्या दिवशी त्याच स्टँडवर जाऊन उभी राहिली.

पार्बताबाई: म्हूनच त सांगतलं. खरं सांगतलं असतं त गेली असती तू?

मोनाली: … नाही.

पार्बताबाई: मंग.

मोनाली: आई, मला तुला एक सांगायचं आहे. तुला आनंद होईल.

पार्बताबाई: काय?

मोनाली: खोली दिली नाही असा मेसेज आला ना, तर पहिले मला राग नाही आला. बरं वाटलं. एक मिनिट. म्हटलं, चला, टळलं. आता सोमवारी जायचं नाही, नवीन लोक नाही, नवीन पलंग नाही, कोणाला सांगायचं काम नाही. इतकं हलकं वाटलं. आणि मग मला माझाच असा राग आला की मी उठून इथं येऊन कडी लावली. तुझ्यावर नंतर चिडली मी.

पार्बताबाई: मंग तुले बी भेव वाटते.

मोनाली: तुझ्यापेक्षा जास्त. तुला तर मी दिसते तरी. मला मी दिसत नाही त्या वेळी. म्हण ना आता. म्हण, नको जाऊ. तू एकदा म्हटलं तर मी राहीन. मला माहीत आहे मी राहीन. तुझं तोंड पाहिलं असतं तर इतक्यात राहिली पण असती.

पार्बताबाई: मी म्हनतो…

मोनाली: म्हण.

पार्बताबाई: … थांब जरासं. पानी पिऊन येतो.

मोनाली: जाते? दारापासून?

पार्बताबाई: माठ काय अमरावतीले हाये? आली मी.

मोनाली: … आई? … आई, प्यायली का? … आई? कुठं गेली? आई!

पार्बताबाई: हाव इथंच! ओरडते काहून? तुह्या बाबाले फोन लावत होती. मले तो तुहा फोन नाई लावता येत, माह्याच बटनाच्या फोनवरून लावला.

मोनाली: काय सांगितलं त्यांना? कडीचं?

पार्बताबाई: कडीचं संध्याकाई सांगीन, घरी आल्यावर. आता म्हटलं, भाजी टाकून झाली असन त दर्यापूरच्या स्टँडवर थांबा. आमी जीपनं येऊन राहिलो. तिथून अमरावतीची बस पकडू. पाचाच्या अंदर पोचाचं हाये.

मोनाली: तू येते?

पार्बताबाई: मले बोलावलं न तिनं. पन मी सांगून ठेवतो, मी रोज फोन करीन. सकायी एक, संध्याकाई एक.

मोनाली: संध्याकाळी एकच.

पार्बताबाई: सकायचा काहून नाई?

मोनाली: सकाळी मी करेन तुला. मी केला तर चालेल. तू नाही करायचा.

पार्बताबाई: आनं तू नाई केला त?

मोनाली: तर दुपारपर्यंत थांबायचं.

पार्बताबाई: दुपारपर्यंत मी मरन.

मोनाली: नाही मरत. पोळ्यापासून रोज झटक्याची वाट पाहून राहिली, मी नाही मेली.

पार्बताबाई: … दहापर्यंत थांबन. दहाच्या वर नाई. आनं सीमाचा नंबर मले देऊन ठेव.

मोनाली: देते. पण मला न सांगता तिला करायचा नाही.

पार्बताबाई: नाई करत. … कराव वाटला त तुले इचारीन. निंघ आता. जीप भरली का मंग तासभर दुसरी येत नाई. केस बी नाई इंचरले तू.

मोनाली: काढते कडी.

पार्बताबाई: डोये सुजले तुहे. पानी मार तोंडावर. बस इथं, मी फनी आनतो.

मोनाली: माझी मी विंचरते.

पार्बताबाई: माहीत हाये. आज दे मले. … हालू नको.

मोनाली: आई, एक विचारू? खरं सांगशील?

पार्बताबाई: इचार.

मोनाली: नववीत, गॅदरिंगला. मी नाचता नाचता स्टेजवर पडली ती पहिली वेळ. तू म्हणाली होती, पडदा लगेच पाडला, कोणाला काही दिसलं नाही. कोणी पाहिलं होतं?

पार्बताबाई: … साऱ्यायनं पाह्यलं. पडदा अटकला होता. दोन मास्तर ओढत होते त बी पडत नोयता.

मोनाली: कपडे ओले झाले होते माझे?

पार्बताबाई: हो.

मोनाली: हसले?

पार्बताबाई: मांगचे चार-पाच पोट्टे हसले. बाकी कोनी नाई. बाकी सारे उभे झाले होते.

मोनाली: मला वाटायचं, सगळी शाळा हसली असेल. तू नाही म्हणायची, तरी मला वाटायचंच. म्हणून तर मी दहावीला दुसऱ्या शाळेत गेली.

पार्बताबाई: नाई हसले. एक पोरगी त धावत आली स्टेजवर. माह्याही पयले. आपली ओढनी काढली न तुह्या अंगावर पांघरली. कोनी सांगतलं नाई तिले. तशीच उभी राह्यली मंग बिनओढनीची, साऱ्यायसमोर, जोवर तुले उचललं नाई तोवर.

मोनाली: कोण होती? माझ्या वर्गातली?

पार्बताबाई: काय मालूम.

मोनाली: दिसायला कशी होती? आठवून पाहा ना. उंच होती?

पार्बताबाई: तिच्याकडं नाई पाह्यलं व बाई. मी तुह्याकडंच पाहून राहिली होती.